मूठभर ज्वारी, हातभर फ्लेक्स

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाची एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. थोडंसं चांगलं काम करून भरपूर फुशारकी मारण्याचा जो हक्क उभ्या महाराष्ट्राला आहे, तो आम्हाला नाही. नागपूरच्या माणसानं रक्त दिलं की तो दंडावरची पट्टी आठवडाभर काढत नाही. वर्ध्याच्या माणसानं पट्टी दाखवली की समोरचा सुपारी कातरता कातरता म्हणतो, "बरं केलं जी. आमच्या आबाजीनं विनोबाले सात एकर वावर देल्लं होतं." संपला विषय. पिशवीभर रक्त सात एकरांपुढे किती वेळ टिकणार? ते सात एकर मुरमाड होते आणि त्यात तरोट्याशिवाय कधी काही उगवलं नव्हतं, हे विचारण्याची आपल्यात पद्धत नाही.

दोष आमचा नाही, भूगोलाचा आहे. 1936 मध्ये गांधीजी शेगावात राहायला गेले. त्यांची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा. दत्तपूरला 1936 पासून मनोहर दिवाणांची कुष्ठसेवा. मगनवाडीत कुमारप्पांचे ग्रामोद्योग. बाबा आमटे जन्मले ते आमच्या हिंगणघाटात, सिंधुताई सपकाळ पिंपरी मेघेत. गाय, खादी, चरखा, कुष्ठरोग, नई तालीम, हिंदी, हातकागद, घाण्याचं तेल, देशातल्या ज्या ज्या सत्कार्याला म्हणून कार्यालय लागलं, ते इथल्या पंधरा किलोमीटरच्या आत कधी ना कधी उघडलेलं आहे. अशा ठिकाणी साधा सज्जन माणूस म्हणून जगणं फार कठीण जातं. शाळेत असताना 'माझे आवडते समाजसेवक' हा निबंध इतर जिल्ह्यांतली मुलं पुस्तकात बघून लिहितात. आम्ही लिहिला की गुरुजी म्हणायचे, यात एक चूक आहे, मी त्यांच्याकडे सूत कातलं आहे.

एवढा वारसा पाठीवर घेऊन आम्ही आज करतो काय, तर फळवाटप.

फळवाटप हा विधी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाऊंचा वाढदिवस असतो. सकाळी दवाखान्यासमोर सात-आठ मोटारसायकली आणि एक स्कॉर्पिओ थांबते. तीन डझन केळी आणि पंचवीस कार्यकर्ते वॉर्डात शिरतात. पहिल्या खाटेवरच्या आजींना एक केळ मिळतं. त्या एका केळ्याला नऊ हात लागलेले असतात, कारण फोटोत ज्याचा हात नाही तो कार्यकर्ता नाही. आजींना साखरेचा आजार असतो. त्या तसं सांगूही बघतात, पण फोटोवाला ओरडतो, "आजी, इकडे पाहा, थोडं हसा!" आजी हसतात. पुढच्या खाटेवर तेच केळ. तुमचा विश्वास बसणार नाही, पण अनुभवी कार्यकर्ते सहा फोटोंपर्यंत एकच केळ चालवतात. हिवाळ्यात मात्र केळ्याऐवजी संत्री असतात. कारंजा-आष्टीकडे संत्र्याच्या बागा आहेत म्हणून नव्हे, तर संत्र्याचा रंग फोटोत उठून दिसतो म्हणून.

पाणपोईचं शास्त्र याहून सूक्ष्म आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45-46 वर जातो. अशा उन्हात पाणी पाजण्यासारखं पुण्य नाही, यावर सगळ्या पक्षांचं एकमत आहे. म्हणून एप्रिलात चौकाचौकांत पाणपोया लागतात. दोन रांजण, एक साखळीनं बांधलेला पेला, आणि वर बारा बाय आठचा फ्लेक्स. रांजणाचा खर्च आणि फ्लेक्सचा खर्च यांचं प्रमाण कुणी काढू नये. पहिल्या आठवड्यात रांजणात वाळा टाकलेलं पाणी असतं, दुसऱ्या आठवड्यात नुसतं पाणी, तिसऱ्या आठवड्यात पेला नाहीसा होतो आणि चौथ्यात रांजणात कुत्रं गारव्याला बसलेलं असतं. फ्लेक्स मात्र मृगापर्यंत दिमाखात उभा राहतो. पाऊस सुरू झाला की रात्रीत कुणीतरी तो काढून नेतो आणि आपल्या कुटारावर टाकतो. मग भाऊ, त्यांचे मार्गदर्शक आणि मार्गदर्शकांचे प्रेरणास्थान असे तिघेही चार महिने गुरांच्या वैरणीला पावसापासून वाचवत उताणे पडून हसत असतात. मला विचाराल तर पाणपोईतलं खरं दान हेच. गरिबाच्या उपयोगी पडतं, पुरतं पडतं आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

विनोबांना माणसाची ही खोड नीट ठाऊक असावी. भूदानाची पदयात्रा चालू असताना, 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सर्वोदय पात्राची कल्पना काढली. घरात एक मडकं किंवा डबा ठेवायचा आणि रोज त्यात एक मूठ धान्य टाकायचं. मूठ कुणाची? कर्त्या पुरुषाची नाही, घरातल्या लहान पोराची. पोराची मूठ लहान, म्हणजे कुठल्याही घराला परवडणारी. आणि जेवायच्या आधी दुसऱ्याचं काढून ठेवायची सवय पोराला लागते, हा दुसरा हिशेब. तिसरा हिशेब विनोबांनी बोलून दाखवला नाही, पण तो असणारच: लहान पोराच्या मुठीतल्या ज्वारीचा फोटो निघत नाही, आणि निघाला तरी त्यात नऊ हात मावत नाहीत.

कल्पना सोपी, म्हणूनच अवघड. एकदा शंभर रुपये द्या म्हटलं तर माणूस देऊन मोकळा होतो. रोज एक मूठ म्हटलं की घरात राजकारण सुरू होतं. पोरगं ज्वारीऐवजी शेंगदाणे टाकतं, कारण त्याच्या मते गरिबालाही ज्वारी आवडत नसणार. आजी रात्री हळूच शेंगदाणे काढून घेते. सून म्हणते, उंदीर झाले. नवरा म्हणतो, महिन्याचं एकदम देऊन टाकू. हे 'एकदम देऊन टाकू' म्हणजे आपल्या दानशूरपणाचं मूळ दुखणं आहे. आपल्याला चांगुलपणा ठोक भावात हवा असतो, म्हणजे वर्षभर पुन्हा बघायला नको. आताच्या काळात तर बँकेला सांगून ठेवलं की महिन्याच्या पाच तारखेला दोनशे रुपये आपोआप कापले जातात. सोय उत्तम आहे, संस्थांना त्याची फार मदत होते, ती कुणी बंद करू नये. फक्त एवढंच होतं की दान बँक करते, पुण्य आपल्याला लागतं आणि पोरगं मोबाईलवर असतं.

मुठीवर ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी सेवाग्रामच्या दवाखान्याची गोष्ट ऐकावी. डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकारानं 1969 मध्ये इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. इथे शिकायला आलेल्या मुलांना आधी आश्रमात राहावं लागतं, मग दत्तक घेतलेल्या एका गावात मुक्काम ठोकावा लागतो. मुंबई-दिल्लीहून डॉक्टर व्हायला आलेलं पोरगं पहिल्या महिन्यात खादी घालून झाडू मारतं आणि घरी फोन करून विचारतं, आपण नक्की फी कशाची भरली? असो. या संस्थेतले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या गावांत जात. आजारपण आलं की शेतकऱ्याकडे पैसा नसतो, हे त्यांना रोज दिसत होतं. पैसा नाही, पण सुगीला घरात ज्वारी असते. मग विम्याचा हप्ता ज्वारीत घ्यायचा, असं ठरलं.

आता विमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाय लावलेला माणूस आणि बारीक अक्षरातली चाळीस पानं येतात. इथे सुगीनंतर गावात पायल्या मोजल्या जात. ज्याच्याकडे जास्त वावर त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी, आणि दवाखान्यात गेल्यावर खाट दोघांना सारखीच. गोळा झालेली ज्वारी विकून गावातल्या आरोग्यसेवकाचा आणि औषधांचा खर्च निघे. अचानक उद्भवलेल्या दुखण्याला दवाखान्यात मोफत उपचार. बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी थोडा वाटा घरचा. पण खरी गंमत एका अटीत होती. गावातली बहुसंख्य घरं सामील झाली तरच योजना लागू. म्हणजे पाटलाला आपल्या पोटदुखीची सोय करायची असेल, तर आधी गावकुसाबाहेरच्या घरांत जाऊन 'बाबा, तू बी दे गा तुही पायली' म्हणून विनवणी करायला हवी. सामाजिक न्यायावरची शंभर भाषणं जे करू शकली नाहीत, ते पाटलाच्या पोटदुखीनं केलं. मला तर ही अट भारताच्या राज्यघटनेत टाकावीशी वाटते.

आता ती योजना ज्वारीत चालवायची म्हटली तर पंचाईत होईल. वर्धा जिल्ह्यातल्या वावरात कापूस आणि सोयाबीन आहे, तुरीच्या ओळी आहेत. ज्वारी पेरणारा शेतकरी शोधावा लागतो. 2023 हे वर्ष भरडधान्याचं म्हणून साऱ्या जगानं साजरं केलं. तेव्हापासून ज्वारीची भाकर मोठ्या हॉटेलात ताटाच्या कडेला तुळशीपत्रासारखी वाढली जाते. आजच्या भावानं तो हप्ता श्रीमंतांनाच परवडेल.

पण मुठीपेक्षाही कठीण असतं ते हात घाण करणं. 1935 मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत होते तेव्हा त्यांची माणसं जवळच्या सिंदी गावात सकाळी सकाळी फावडी-बादल्या घेऊन जात आणि रस्त्याकडेची घाण उचलत. (तान्ह्या पोळ्याची सिंदी वेगळी, ती रेल्वेची. तिथे पोरं लाकडी बैल मिरवतात आणि बोजारा मागतात.) महादेवभाई देसाईंसारखा विद्वान, इंग्लंडातल्या दर्यासारंगाची लेक मीराबेन, अशी ही सफाईची पलटण होती. गावकऱ्यांनी सवय सोडली का? छे. गावाचा विचार साधा असावा: एवढी शिकलेली माणसं रोज इतक्या लांबून येतात, त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? वर्ध्याच्या आतिथ्याचं हे उदाहरण इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवं होतं.

विनोबांनी पुढे 1946 च्या सुमारास हेच काम सुरगावात केलं. पवनारहून रोज खांद्यावर फावडं टाकून निघायचे. एकदा पावसात मधल्या ओढ्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. विनोबांनी पलीकडच्या माणसाला हाक मारून सांगितलं, की देवळात जाऊन देवाला निरोप दे, गावचा भंगी येऊन गेला, पूर होता म्हणून पोचला नाही. आपण एखाद्या संस्थेच्या बैठकीला पाऊस आहे म्हणून जात नाही, तेव्हा गटावर 'सॉरी' असं टाकतो आणि खाली छत्रीचं चित्र. विनोबा ओढ्यापर्यंत भिजत गेले आणि मग हजेरी लावली. त्यांचा तिथे वीस वर्षं जाण्याचा विचार होता म्हणतात. एका पिढीची सवय बदलायला तेवढी वर्षं लागतात, हा त्यांचा हिशेब. आमचं स्वच्छता अभियान 2 ऑक्टोबरला सकाळी आठला सुरू होतं आणि साडेआठला नाश्ता असतो.

2 ऑक्टोबरचं सेवाग्राम एकदा बघण्यासारखं असतं. आश्रमाचं अंगण मुळातच इतकं स्वच्छ, की झाडायला आलेल्या मंडळींची कुचंबणा होते. कोऱ्या झाडूवरची प्लास्टिकची पिशवी तशीच असते. एक साहेब झाडाखाली पडलेलं एकुलतं एक पान झाडूनं हलवतात, त्यांचा फोटो निघतो. मग तेच पान दुसऱ्या साहेबांना मिळतं. केळ्यासारखंच पानाचंही. गांधीजी असते तर त्यांनी याचा बरोबर उपयोग करून घेतला असता. त्यांची सही हवी असेल तर पाच रुपये मोजावे लागत आणि ते हरिजन फंडात जात. सहीला पाच रुपये हा त्या काळचा भाव. आजच्या महागाईनं झाडूसह सेल्फीला पाचशे लावले, तर जिल्ह्यातल्या सगळ्या वसतिगृहांना नवीन गाद्या येतील.

श्रमदान शहरी माणसाला आवडतं, पण हप्त्यांनी. 2017 मध्ये आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे कोलामांचं लहानसं गाव पाण्यासाठी उभं राहिलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचे 8 एप्रिल ते 22 मे असे पंचेचाळीस दिवस, म्हणजे आमच्या उन्हाळ्याचा गाभाच. त्या उन्हात गावानं समतल चर खोदले, बांध घातले आणि राज्यात पहिला नंबर घेतला. बक्षीस पन्नास लाख रुपये. अशा गावांत शहरातून श्रमदानाला जाण्याची मग लाटच आली. शहरातला श्रमदाता ओळखायला सोपा. त्याची टोपी पांढरी, बूट त्याहून पांढरे. तो कुदळ उचलतो, चार घाव घालतो आणि पाचव्या घावाला त्याला पाण्याच्या नियोजनावर बोलायची इच्छा होते. मग त्याला घमेल्यांच्या साखळीत उभं करतात, कारण साखळीत माणसाला हलता येत नाही. दहाच्या सुमारास पोहे येतात. पोह्यानंतर ऊन फार वाढलेलं असतं. जाताना गावातल्या बाया प्रेमानं म्हणतात, "या हो भाऊ पुन्हा." भाऊंची गाडी वळणाआड गेली, की त्यातलीच एक कुदळ घेऊन भाऊंनी खोदलेला चर सरळ करायला लागते. तरीही मी म्हणेन जावं. चर वाकडा झाला तरी चालतो. कुदळ किती जड असते हे एकदा कळलेला माणूस बाईची रोजी ठरवताना पुढे थोडा अडखळतो.

आता जरा अडचणीचा विषय. दानधर्म आपल्याला जमतो, न्याय जमत नाही. दानात आपला हात वर असतो आणि फोटोही वरून निघतो. न्यायात घरातलं काहीतरी सोडावं लागतं. 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्यातलं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं, तेव्हा त्यांना फ्लेक्स लावता आला नाही, जातभाईंचा रोष मात्र झेलावा लागला. त्या मंदिराचा आम्हाला फार अभिमान आहे. पाहुणे आले की आम्ही दाखवायला नेतो. मंदिराहून परत येताना आमच्या कॉलनीत एक पाटी दिसते: रूम किरायाने देणे आहे.

त्या पाटीचे मालक फार परोपकारी गृहस्थ आहेत. महाप्रसादाला दोन कट्टे तांदूळ देतात. 14 एप्रिलला चौकात मठ्ठा वाटतात, तोही पातळ नाही. 6 डिसेंबरला जयभीम म्हणतात. त्यांच्याकडे एखादं शिकणारं पोरगं खोली बघायला येतं. वर्ध्याला विद्यापीठ आहे, दोन-दोन मेडिकल कॉलेजं आहेत, पोरांना तोटा नाही. संवाद असा होतो.

"हाव नं, रूम आहे. किराया साडेतीन हजार, लाइटबिल वेगळं. काय शिकते बाबू?"

पोरगं सांगतं.

"अरे वा. पानी चोवीस तास आहे. आडनाव काय म्हनलं?"

पोरगं सांगतं. इथे आमच्या परोपकारी गृहस्थांना अचानक काहीतरी आठवतं.

"थे काय झालं बाबू, रूम कालच देल्ली गेली. पाटी काढाची राह्यली."

ही पाटी काढायची राहिलेली मला दोन पावसाळे दिसते आहे. देऊन टाकलेली खोली अजून रिकामीच. मालकांना दर महिना साडेतीन हजारांचा तोटा, म्हणजे वर्षाचे बेचाळीस हजार. मठ्ठा, तांदूळ आणि महाप्रसाद मिळूनही त्यांचा एवढा खर्च होत नाही. एका आडनावासाठी इतका मोठा भुर्दंड सोसणाऱ्या माणसाला कंजूष म्हणता येणार नाही. त्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं, की त्यांनी पुढच्या वर्षी मठ्ठा वाटू नये, पाटी काढावी. मठ्ठ्याचं आम्ही बघून घेऊ.

आडनाव विचारू नये, हे समाजकार्य फुकट आहे, रोज करता येतं आणि त्याला कुठल्याही खात्याची परवानगी लागत नाही. म्हणूनच ते कुणी करत नाही. तीच गत कामवाल्या बाईच्या कपाची. वृद्धाश्रमाला पंखे देणाऱ्या घरात बाईचा कप वेगळा असतो, खिडकीत, दांडी मोडलेला. त्या घरातलं पोरगं निबंधस्पर्धेत समतेवर पहिलं येतं. त्याचं बक्षीस काय असतं? कपांचा सेट.

दारूबंदीबद्दल थोडक्यात बोललेलं बरं. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळते, फक्त पावती मिळत नाही. जिल्ह्याची हद्द जिथे संपते तिथे जी दुकानं सुरू होतात, त्यांच्या मालकांनी गांधीजींचा फोटो का लावू नये हे मला कळत नाही, त्यांचा एवढा फायदा दुसऱ्या कुणी केलेला नाही. व्यसनमुक्ती रॅलीची वर्गणी देणाऱ्यांत सगळ्यात मनापासून देणारा माणूस संध्याकाळी भेटतो, तेव्हा त्याचं वजन भिंतीवर असतं. मात्र गावागावांतल्या बाया एकत्र येऊन मोहाचा सडवा नालीत ओततात आणि भट्ट्या फोडतात, तेव्हा हसू येत नाही. त्या बाया रात्री त्याच दारुड्याच्या घरात परत जाणार असतात. त्यांना शाल-नारळ देऊन सत्कार करण्याआधी त्यांच्यासोबत ठाण्यात तक्रार द्यायला उभं राहणारा एक शेजारी हवा असतो. तिथे गर्दी कमी असते. ठाण्यातले साहेब फोटो काढू देत नाहीत.

सुदैवानं वर्ध्यात चांगलं काम करण्याचा एक गोड मार्गही आहे. गोरसपाक. गोसेवेच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या गोरस भांडाराची गाईच्या तुपातली ही खुसखुशीत वडी. आठवण येईल तेव्हा डबा घ्यावा, गाय, गोपालक आणि ग्रामोद्योग यांना एकाच घासात मदत करावी. मी हे समाजकार्य अनेक वर्षं निष्ठेनं करतो आहे आणि डॉक्टरांनी आता थोडं कमी करायला सांगितलं आहे. विनोद बाजूला ठेवला तरी विकत घेणं ही मदत कमी नाही. मगन संग्रहालयातली नैसर्गिक रंगांची खादी घ्या, बचतगटांच्या पापड-मसाल्यांची पाकिटं घ्या, वायगावची हळद तिच्याच नावानं घ्या. पण तिथे घासाघीस करू नका. मॉलमध्ये पिशवीचे दहा रुपये वेगळे मोजणारा माणूस खादीच्या दुकानात 'गांधीजींच्या नावानं काही कमी करा' म्हणतो, तेव्हा कापसाला भाव का मिळत नाही याचं उत्तर त्याच्या हातात कुडत्याच्या रूपात असतं.

वर्षातले जयंतीचे आणि वाढदिवसाचे दिवस भरलेले असतात. त्या दिवशी मदतीची इतकी दाटी होते, की ज्याला मदत करायची तो माणूस फोटोत कुठे बसवायचा हा प्रश्न पडतो. जुलैत टेकडीवर रोपं लावायला रांग लागते. तीच रोपं मे महिन्यात पाच लिटरचे कॅन हातात घेऊन जगवणारी माणसं मोजकी, आणि ती पहाटे पाचला जातात म्हणून कुणाला दिसत नाहीत. रक्ताचंही तसंच. उन्हाळ्यात कॉलेजं सुटतात, रक्त देणारी पोरं गावी जातात आणि रक्तपेढीच्या फ्रिजात जागाच जागा होते. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या लेकरांना मात्र उन्हाळ्याची सुट्टी नसते.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. 2 ऑक्टोबरला तुम्ही घरीच राहा, त्या दिवशी झाडू कमी पडतात. मे महिन्यातला एखादा मंगळवार बघा, ज्या दिवशी कुणाची जयंती नाही, पुण्यतिथी नाही, भाऊंचा वाढदिवस तर नाहीच. सकाळी पोटभर नाश्ता करा, डोक्याला दुपट्टा बांधा आणि जवळच्या रक्तपेढीत जा. फोटोग्राफर सोबत आणला तरी हरकत नाही. त्याचंही रक्त घेतील.